मिंदानाओत आधी कागद आला

तुम्ही प्रबंधासाठी दोन गोष्टी विचारल्या आहेत. फिलिपिन्सच्या दक्षिणेला, मिंदानाओ आणि सुलू बेटांवर मुसलमानांचा फुटीर लढा जवळजवळ पन्नास वर्षं चालला. तो धर्मासाठी होता की जमिनीसाठी? आणि तिथल्या जुन्या रूढी भांडण मिटवतात की पेटवतात?

मी साताऱ्याकडे जमिनीचे दावे चालवत वकिली शिकलो. पुढे नऊ वर्षं मिंदानाओतल्या कोताबातोच्या आसपास एका मदतसंस्थेच्या वतीने जमिनीचे तंटे मिटवायचं काम केलं. त्या जोरावर पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. धर्म आणि जमीन तिथे वेगळी काढताच येत नाहीत, कारण कोणाला किती जमीन मिळायची हे कायद्यानेच माणूस ख्रिस्ती आहे की नाही ते बघून ठरवलं. हे मी अलंकारिक बोलत नाही. कलमात आकडे आहेत, ते पुढे देतो.

आधी थोडं मागे जाऊ. सुलूची सल्तनत पंधराव्या शतकातली, मागिंदानाओची सोळाव्या शतकातली. स्पॅनिशांनी १५७१ मध्ये मनिलाला आपली राजधानी केली, त्याच्या कितीतरी आधीपासून या दक्षिणेकडच्या मुलखात सुलतान होते, त्यांचे दातू, म्हणजे सरदार होते, न्यायनिवाडा होता. स्पेनने तीनशे वर्षं मोहिमा काढल्या, किनाऱ्यावर किल्ले बांधले, पण आतला मुलूख कधी पुरता हाती आला नाही. इथल्या मुसलमानांना 'मोरो' हे नावही स्पॅनिशांनीच दिलेलं, तुच्छतेने. तरीही १० डिसेंबर १८९८ रोजी पॅरिसच्या तहात स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन सगळा फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केला आणि त्यात हा मुलूखही लिहून दिला. कोताबातोच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं असेल, "जे त्यांचं नव्हतंच ते त्यांनी विकलं." विकणाऱ्याचीच मालकी नसेल तर खरेदीखताला काय अर्थ, हे आपल्याकडे कुठलाही शेतकरी सांगेल. मोरोंची सगळी राजकीय भाषा या एका वाक्यावर उभी आहे.

आता कायद्याकडे. १९०२ मध्ये अमेरिकनांनी जमीन नोंदणीचा कायदा आणला. पद्धत टॉरेन्सची. आपल्या सातबाऱ्याशी तिची तुलना केली की फरक कळतो. सातबारा हा महसुली नोंदीचा उतारा. त्यावर नाव लागलं म्हणजे मालकी शेवटची सिद्ध झाली असं होत नाही, वहिवाट आणि जुने दस्त दाखवून कोर्टात भांडता येतं. टॉरेन्सचं टायटल एकदा निघालं आणि आव्हानाची मुदत टळली की सरकारच त्याची हमी घेतं, मागचे हक्क त्यापुढे टिकत नाहीत. ज्याला लिहिता-वाचता येतं, मोजणीचा खर्च झेपतो आणि कचेरीची पायरी ठाऊक आहे त्याच्यासाठी ही चोख व्यवस्था आहे. लिगुआसानच्या दलदलीकाठी भात आणि मासळीवर जगणाऱ्या मागिंदानाओ कुटुंबाला तर कचेरी असते हेच पिढीभर उशिरा कळलं.

लगेच १९०३ चा ७१८ क्रमांकाचा कायदा आला. सुलतान, दातू किंवा 'अख्रिस्ती' जमातींच्या प्रमुखांनी सरकारी संमतीशिवाय दिलेल्या सगळ्या जमिनी त्याने रद्दबातल केल्या. आपल्याकडे पेशव्यांच्या सनदा इंग्रजांनी तपासल्या, इनाम कमिशन बसवलं, पुष्कळ इनामं काढून घेतली. पण निदान सनदेला पुरावा म्हणून दारात उभं तरी केलं. इथे दातूचा शब्द पुराव्यातूनच बाद झाला. मागिंदानाओंच्या समजुतीत जमीन अल्लाची, माणसाकडे ती अमानत. कुळाकडे वारशाने चालत आलेली जमीन म्हणजे 'पुसाका', ती विकायची नसते, कसायची आणि पुढे द्यायची असते. दातू सांगेल तो कसेल. या व्यवस्थेत अन्यायही भरपूर होता, दातू काही संत नव्हते. पण एका कलमाने ती सगळी 'सरकारी पडीक' झाली.

मग ते आकडे. १९१९ च्या सार्वजनिक जमीन कायद्यानुसार ख्रिस्ती अर्जदाराला २४ हेक्टरपर्यंत जमीन मागता येत होती, अख्रिस्ती माणसाला १०. १९३६ च्या कायद्याने हे प्रमाण १६ आणि ४ वर आणलं. कंपन्यांना १,०२४ हेक्टर. 'अख्रिस्ती' हा शब्द धर्माविषयी नसून संस्कृतीच्या पायरीविषयी आहे, असा खुलासा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१९ मध्ये एका निकालात केला होता. खुलाशाने काही बदललं नाही, उलट जखम खोल गेली. एका मशिदीतले इमाम मला म्हणाले होते, "धर्म वेगळा म्हणून कमी दिलं असतं तर समजलो असतो. त्यांनी आम्हाला अर्धवट माणूस धरून कमी दिलं."

त्याच काळात उत्तरेकडून माणसं आणून वसवायला सुरुवात झाली. १९१३ पासून कोताबातो खोऱ्यात शेती वसाहती. १९३९ पासून राष्ट्रीय जमीन वसाहत प्रशासनाने कोरोनादाल खोऱ्यात आणि आजच्या जनरल सांतोस परिसरात जहाजं भरभरून कुटुंबं उतरवली. दुसऱ्या महायुद्धानंतर लुझॉन या उत्तरेकडच्या बेटावरच्या शेतकरी बंडातून शरण आलेल्यांनाही इथे जमिनी दिल्या. उत्तरेकडची जमीनदारी मोडण्यापेक्षा दक्षिणेत 'मोकळी' जमीन दाखवणं मनिलाला सोपं होतं. १९०३ च्या गणनेत मिंदानाओ-सुलूत मुसलमान सुमारे ७६ टक्के होते. शतकाच्या अखेरीला ते पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरले.

इथे थांबून एक सांगितलं पाहिजे, नाहीतर तुमचा प्रबंध एकतर्फी होईल. जे आले ते कोणी साहेब नव्हते. पनाय बेटावरचे इलोंगो, लुझॉनचे इलोकानो, बहुतेक भूमिहीन कुळं. सरकारने सांगितलं जमीन ओसाड आहे, त्यांनी विश्वास ठेवला, हिवतापात मुलं गमावली, जंगल तोडून शेत केलं. त्यांची तिसरी-चौथी पिढी तिथेच जन्मली आणि तिथेच पुरली गेली. आणि मोरोंच्या बाजूनेही पुष्कळ दातूंनी कुळाची सामाईक जमीन मोजणीच्या वेळी स्वतःच्या नावावर चढवली, नंतर बाहेरच्यांना विकली. आपल्या माणसांचं नुकसान आपल्याच सरदाराने केलं हे दुःख लोक कुजबुजत सांगतात, कारण तो दातू बहुतेक वेळा त्यांचा चुलत आजा असतो. एकाच शेतावर दोन-दोन टायटलं, तिसऱ्याकडे फक्त करपावती, चौथ्याकडे तांदळाची पोती देऊन जमीन घेतल्याची अंगठ्याची चिठ्ठी, आणि प्रत्यक्ष कसणारा पाचवाच, अशी प्रकरणं मी एका आठवड्यात तीन बघितली आहेत.

बंदूक यानंतर आली. १८ मार्च १९६८ रोजी कोरेगिदोर बेटावर गुप्त प्रशिक्षणासाठी नेलेल्या मोरो तरुणांना लष्कराने गोळ्या घातल्या. जाबिदा हत्याकांड म्हणतात ते हेच. दीड महिन्याने, १ मे रोजी, कोताबातोचे जुने गव्हर्नर दातू उदतोग मातालाम यांनी पागालुंगानमध्ये मुस्लिम स्वातंत्र्य चळवळ जाहीर केली. खेड्यापाड्यांत मात्र रोजची भांडणं बांधाची आणि निवडणुकीची होती. ख्रिस्ती वसाहतींतून 'इलागा' नावाच्या सशस्त्र टोळ्या उभ्या राहिल्या. इलागा म्हणजे उंदीर. मोरो लोक त्या अक्षरांची फोड 'इलोंगो जमीनबळकाव संघटना' अशी करत. १९ जून १९७१ रोजी कोताबातोतल्या मानिली या गावी बैठकीसाठी मशिदीत जमलेल्या सुमारे ७० मुसलमानांना मारलं गेलं, त्यात बायका-मुलं होती. त्या दिवसानंतर बांधाचं भांडण बांधाचं राहिलं नाही. ज्या शेजाऱ्याकडून नांगर उसना आणायचा तो एका रात्रीत 'ख्रिस्ती' झाला आणि हा 'मुसलमान'. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसने लष्करी कायदा पुकारला तेव्हा हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला, आणि मोरोंनी हत्यार उचललं.

नुर मिसुआरी विद्यापीठात शिकवणारे, राष्ट्रवादी वळणाचे. त्यांच्या मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडीची भाषा 'बांग्सामोरो', म्हणजे मोरो राष्ट्र आणि मातृभूमी, अशी होती. शिवी म्हणून दिलेलं नाव त्यांनी छातीवर लावलं. हाशिम सलामात कैरोच्या अल-अझहरमध्ये शिकलेले. ते १९७७ मध्ये वेगळे झाले आणि पुढे त्यांच्या गटाने नावात 'राष्ट्रीय' काढून 'इस्लामी' घातलं. अनेक जण इथून उडी मारून म्हणतात, बघा, अखेर धर्मच. मला तसं दिसलं नाही. मी भेटलो ते जुने लढवय्ये कुराण मनापासून वाचणारे होते, त्यांची श्रद्धा दिखाऊ नव्हती. पण का लढलात विचारलं की उत्तराची सुरुवात हटकून आजोबांच्या शेतापासून व्हायची. धर्माने त्यांना जे दिलं ते जमिनीच्या कागदाला देता येत नव्हतं: वेगवेगळ्या खोऱ्यांतल्या, वेगवेगळ्या बोली बोलणाऱ्या मागिंदानाओ, मारानाओ आणि ताउसुग माणसांना एकमेकांसाठी मरायचं कारण. आणि मशीद ही अशी जागा होती की जिथे मनिलाचा शिक्का लागत नव्हता.

आता रूढींचा प्रश्न, ज्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. तिथे 'रिदो' म्हणतात, घराण्यांमधलं सूडाचं वैर. मुळाशी 'मारताबात', म्हणजे कुळाची इभ्रत. एशिया फाउंडेशनच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १९३० च्या दशकापासून २००५ पर्यंतचे १,२६६ रिदो नोंदले गेले. त्यांत साडेपाच हजारांहून जास्त माणसं मेली आणि नोंदलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के वैरं तेव्हा मिटलेली नव्हती. कारणांमध्ये जमीन आणि निवडणूक वरच्या क्रमांकावर. म्हणजे मुसलमान-ख्रिस्ती लढ्याच्या आत मुसलमान-मुसलमान लढा, आणि त्याच्याही मुळाशी शेत.

हे कसं चालतं ते नीट समजून घ्या. दोन चुलत घराण्यांत नारळाच्या झाडांच्या ओळीवरून बाचाबाची होते. एकाचा मेहुणा बंडखोरांच्या छावणीत कमांडर, दुसऱ्याचा भाऊ सरकारी निमलष्करी दलात. दोघं आपापल्या माणसांना बोलावतात. तिसऱ्या दिवशी मनिलाच्या वर्तमानपत्रात छापून येतं, 'युद्धबंदीचा भंग'. पाचव्या दिवशी शाळेच्या आवारात हजारभर माणसं ताडपत्रीखाली झोपलेली असतात. मी असं दोनदा डोळ्यांनी पाहिलं. दोन्ही वेळा बाहेरून आलेल्या पत्रकारांनी दहशतवादाबद्दल विचारलं, झाडांबद्दल कोणी विचारलं नाही.

पण तीच परंपरा वैर मिटवतेही. दोन्ही घरांशी नातं असलेला वडीलधारा शोधतात. मधली ये-जा बहुधा बायका करतात, कारण रिदोत बाईवर हत्यार चालवणं कमीपणाचं समजतात. निरोप घेऊन शत्रूच्या अंगणात जाणाऱ्या अशा एका आजींची हिंमत मी जन्मभर विसरणार नाही. मग दोन्हीकडच्या मेलेल्यांची, जखमींची मोजदाद होते. फरक भरून काढायला 'दियात', रक्ताची भरपाई ठरते. कुराणावर हात ठेवून शपथ, आणि 'कांदुली', म्हणजे एका पंगतीतलं जेवण. मारानाओंकडे लानाओ सरोवराभोवतीच्या चार जुन्या संस्थानांचे नातेसंबंध आणि नियम, 'तारितिब' आणि 'इग्मा', अजून तोंडपाठ असणारे लोक आहेत. कोणत्या घराण्याने कोणापुढे किती वाकायचं ते त्यांना विचारतात. सरकारी कोर्टात वीस वर्षं पडलेलं प्रकरण अशा बैठकीत पंधरवड्यात मिटलेलं मी पाहिलं आहे.

त्यात एक खोट आहे आणि ती लक्षात यायला मला तीन वर्षं लागली. दियात मेलेल्या माणसाचा हिशेब चुकता करते, बांधाचा करत नाही. जेवणावळ होते, मिठ्या मारतात, आणि शेताची हद्द तशीच संदिग्ध राहते. पुढच्या पिढीतला मुलगा पुन्हा त्याच नारळाखाली कोयता घेऊन उभा. म्हणून आम्ही नंतर असा दंडक ठेवला की कांदुलीच्या आधी सगळ्यांनी हद्द चालायची, खुणा रोवायच्या, आणि ते कागद मौलवी, दातू, बारांगाय कॅप्टन, म्हणजे गावप्रमुख, या तिघांकडे एकेक ठेवायचे. शरियत कोर्टंही आहेत, १९७७ च्या मुस्लिम व्यक्तिगत कायद्याने आलेली, पण जमिनीचा दावा तिथे तेव्हा दोन्ही पक्ष मुसलमान असतील तरच चालायचा. समोर इलोंगो शेतकरी असला की वाट बंद.

मोरोंच्या बाजूने बोलताना एक बाजू हमखास विसरली जाते, ती तेदुराय लोकांची. उपीच्या डोंगरांत राहणारी ही जमात मुसलमानही नाही आणि वसाहतींतली ख्रिस्तीही नाही. त्यांच्यात आणि मागिंदानाओंत एक कथा समान आहे. ताबुनावाय आणि मामालू असे दोन भाऊ. शरीफ काबुंगसुवान जोहोरहून इस्लाम घेऊन आला तेव्हा ताबुनावायने तो स्वीकारला, मामालूने जुना धर्म सोडला नाही आणि तो डोंगरात गेला. भावांनी ठरवलं, खालचा मुलूख तुझा, वरचा माझा, व्यवहार चालू ठेवू. माझ्यासमोर ही कथा दोन बैठकांत सांगितली गेली. मागिंदानाओ दातूने ती सांगितली 'आपण एकच रक्त, तेव्हा एकाच राज्यात राहू' हे पटवायला. तेदुरायांच्या तिमुआयने, म्हणजे त्यांच्या प्रमुखाने, तीच कथा सांगितली, 'करार दोन मुलखांचा होता' हे पटवायला. १९९७ च्या आदिवासी हक्क कायद्याखाली त्यांनी दोन लाख हेक्टरांहून जास्त वडिलोपार्जित क्षेत्राचा दावा लावला आहे, आणि त्यातला काही भाग जुन्या बंडखोर छावणीच्या हद्दीत येतो. शंभर वर्षांपूर्वी मोरोंची जमीन ज्या वाक्याने गेली, 'तुमच्याकडे कागद कुठे आहे', ते वाक्य मोरो अधिकाऱ्याने तेदुराय म्हातारीला म्हणताना मी ऐकलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. तुम्ही कोणाच्या बाजूने लिहीत असाल त्या बाजूलाही हे दाखवायचं धैर्य ठेवा.

करारांबद्दल फार लांबवत नाही, तारखा कुठेही मिळतील. त्रिपोली १९७६, मनिला १९९६, मग २०१४ चा सर्वंकष करार आणि २०१९ च्या सार्वमतातून आलेला बांग्सामोरो स्वायत्त प्रदेश. जमिनीच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष २००८. सरकार आणि इस्लामी आघाडी यांच्या तेव्हाच्या समझोत्यात 'वडिलोपार्जित मुलूख' हा शब्द मध्यभागी होता. सही व्हायच्या आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने रोखलं, ऑक्टोबरमध्ये तो घटनाबाह्य ठरला, मध्ये भडकलेल्या लढाईत लाखो माणसं घर सोडून पळाली. २०१२ च्या आराखड्यात म्हणून सांभाळून लिहिलं: प्रस्थापित मालकी हक्क मानले जातील, अन्यायाने जमीन गेल्याच्या तक्रारी मान्य केल्या जातील, आणि परत देणं शक्य नसेल तिथे भरपाईचा विचार होईल. म्हणजे राज्य मिळालं, शेत मिळालं नाही. संक्रमणकालीन न्यायासाठी नेमलेल्या आयोगाने दोनशेहून अधिक वस्त्यांत जाऊन ऐकून घेतलं आणि २०१६ च्या अहवालात जमीन गमावणं हा मूळ घाव म्हणून नोंदवला. मारानाओंच्या मारावी शहरातही हेच. २०१७ च्या पाच महिन्यांच्या वेढ्यात शहराचा गाभा उद्ध्वस्त झाला, पण घरमालक परतायला निघाले तेव्हा पुन्हा वर आला तो १९५३ चा आदेश, ज्याने शहरातला मोठा भाग लष्करी राखीव ठरवला होता. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मारानाओंना स्वतःच्या ढिगाऱ्याचीही मालकी सिद्ध करावी लागली.

हीच मोजपट्टी दक्षिण थायलंडच्या पट्टनीला लावू नका. तिथे मलय भाषा, पोंडोक म्हणजे धार्मिक शाळा आणि बँकॉकच्या अधिकाऱ्यांची वागणूक हे दुखणं मोठं आहे, बाहेरून वसवलेल्यांचं प्रमाण मिंदानाओसारखं नाही. इंडोनेशियातल्या आचेमध्ये २००५ च्या करारात लढवय्यांना शेतजमीन द्यायचं कलमच होतं, पण लढा पेटला तो प्रामुख्याने वायूच्या उत्पन्नावरून आणि जकार्ताच्या वचनभंगावरून. प्रत्येक ठिकाणी धर्म आहे, प्रत्येक ठिकाणी तो वेगळं काम करतो.

तुम्ही प्रत्यक्ष जाणार असाल तर एवढं करा. गावात गेल्यावर पहिल्या दिवशी 'संघर्ष' हा शब्द काढू नका. जुनी झाडं कोणी लावली ते विचारा, कबरी कुठे आहेत ते विचारा. डुरियनचं झाड आणि आजोबाची कबर हे तिथले खरे हद्दीचे दगड आहेत, माणसं त्याबद्दल खोटं बोलत नाहीत.

माझं शेवटचं प्रकरण पुलांगी नदीच्या बाजूचं होतं. एक मागिंदानाओ कुटुंब १९७१ मध्ये पळालेलं, त्या जागी एक इलोंगो कुटुंब, त्यांच्याकडे रीतसर टायटल. दोन वर्षं बोलणी चालली. अखेर मोरो म्हातारा आणि इलोंगो विधवा, दोघं काठी टेकत हद्द चालले. उसाच्या आत एक जागा तिने कधी नांगरू दिली नव्हती. खाली कोणीतरी आहे हे तिला सासूने सांगितलं होतं. म्हाताऱ्याने तिथे बसून फातिहा वाचला. शेत तिच्याकडे राहायचं, कबरींची जागा आणि रस्त्यापासून तिथवरची पायवाट त्याच्या कुळाची, दर सुगीला काही पोती त्याच्या घरी, असं ठरलं. त्याने कुराणावर शपथ घेतली, तिने बायबलवर. जेवण तिच्या अंगणात झालं, रेडा मोरोंनी कापला आणि भांडीही त्यांनीच आणली होती. नोंदणी कचेरीत मी निघेपर्यंत त्या जमिनीवर एकच नाव होतं, आणि ती पायवाट कुठल्याही नकाशावर नव्हती.